आपल्या संकेतस्थळाचे बटण आपल्या अक्षरात घडवावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : वैयक्तिक संकेतस्थळांसाठी देवनागरी सजावटीची बटणे

आपल्या रविवारच्या पुरवणीत स्वतःचे संकेतस्थळ कसे उभारावे याविषयी जो मार्गदर्शनपर लेख आला, तो मी आस्थेने वाचला. जागा कोठे घ्यावी, पाने कशी लावावीत, लेखन कोणत्या क्रमाने ठेवावे हे सारे त्यात सोप्या भाषेत सांगितले आहे आणि त्याबद्दल लेखकाचे आभार मानले पाहिजेत. मात्र सजावटीच्या बटणांचा विषय त्यांनी ‘ती तयार मिळतात, उतरवून घ्यावीत आणि लावावीत’ एवढ्या एका वाक्यात संपवला आहे. माझे उभे आयुष्य इंदूरच्या शाळांमध्ये मुलांना चित्रकला आणि अक्षरलेखन शिकवण्यात गेले. निवृत्तीनंतर मी माझ्या घरी सुटीच्या दिवशी मुलामुलींना संकेतस्थळाची पाने मांडायला शिकवते. त्या अनुभवावरून मला वाटते की हा सल्ला मराठी संकेतस्थळापुरता चुकीचा आहे. तयार मिळणारी बटणे रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेली असतात आणि त्यांत देवनागरी नुसती कोंबली की ती वाचता येत नाही. मराठी बटण हाताने, एकेक चौकोन भरून घडवावे लागते. हे काम कोणत्याही शाळकरी मुलाला जमण्यासारखे आहे, म्हणून ते कसे करावे हे थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते.

प्रथम, ज्यांना ही बटणे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी. वैयक्तिक संकेतस्थळांवर पानाच्या तळाशी किंवा कडेला ८८ पिक्सेल (पडद्यावरचे चित्र ज्या बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनते, त्यांतील एक ठिपका म्हणजे पिक्सेल) रुंद आणि ३१ पिक्सेल उंच अशी छोटी आयताकृती चित्रे ओळीने लावलेली दिसतात. प्रत्येक चित्र म्हणजे कोणाच्या तरी संकेतस्थळाची ओळख असते आणि ते दाबले की आपण त्या व्यक्तीच्या पानावर जातो. आपण मित्राचे बटण आपल्या पानावर लावतो, मित्र आपले बटण त्याच्या पानावर लावतो आणि अशा रीतीने कोणत्याही शोधयंत्राच्या मध्यस्थीवाचून वाचक एका घरातून दुसऱ्या घरात जातात. हे माप १९९० च्या दशकात नेटस्केप या ब्राउझरच्या प्रचारासाठी वाटलेल्या बटणांमुळे रूढ झाले आणि जिओसिटीज या फुकट पाने उभारू देणाऱ्या ठिकाणच्या असंख्य हौशी पानांनी ते उचलून धरले. याहूने १९९९ साली जिओसिटीज विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ती बंद केली. तरी त्यांतील पुष्कळ बटणे स्वयंसेवकांनी जपून ठेवली आणि २०१३ साली सुरू झालेल्या निओसिटीजसारख्या, हौशी पानांना फुकट जागा देणाऱ्या ठिकाणी ही पद्धत आज पुन्हा जोमाने चालू आहे.

या साऱ्या पसाऱ्यात मराठी बटणे फारच थोडी सापडतात आणि त्याला कारण आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींच्या अक्षरांना संगणकात ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीला जागा १९९१ सालीच मिळाली होती, परंतु घरोघरच्या संगणकांपर्यंत ती पोहोचायला बराच काळ गेला. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर आला, तोवर प्रत्येक मराठी पान आपापला वेगळा फॉन्ट मागत असे आणि तो वाचकाच्या यंत्रावर नसला की अक्षरांऐवजी चिन्हांचा गोंधळ दिसे. ज्या वर्षांत जगभर ही बटणे हौसेने बनत होती, त्याच वर्षांत मराठी माणूस साधे वाक्य पडद्यावर नीट उमटावे म्हणून धडपडत होता. आता ती अडचण उरलेली नाही. राहिलेले काम पूर्ण करण्याची साधने प्रत्येकाच्या हाताशी आहेत.

आता मूळ मुद्दा, म्हणजे ३१ पिक्सेल उंचीत देवनागरी कशी बसवावी. रोमन मोठी अक्षरे पाच पिक्सेल रुंद आणि सात पिक्सेल उंच एवढ्या जागेतही स्पष्ट वाचता येतात, त्यामुळे इंग्रजी बटणावर दोन, प्रसंगी तीन ओळीही मावतात. देवनागरी अक्षराला मात्र तीन मजले असतात. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार. शिरोरेषेखाली अक्षराचे अंग. आणि त्याच्याही खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. यांतील एकही मजला दाबून चालत नाही. मी मुलांना जे वाटप शिकवते ते असे : वरच्या मात्रांसाठी ६ पिक्सेल, शिरोरेषेसाठी २, अंगासाठी १० आणि उकारासाठी ५, मिळून २३. वरखाली एकेक पिक्सेलची चौकटरेषा धरली तर २५ होतात आणि उरलेल्या ६ पिक्सेलमध्ये ५ पिक्सेल उंचीचा एक नक्षीदार काठ व त्याच्या आणि उकाराच्या मध्ये १ पिक्सेलचे अंतर एवढेच बसते. म्हणजे देवनागरी बटणावर अक्षरांची ओळ एकच असावी. दोन ओळी बसवण्याचा मोह झाला की उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात आणि दोन्ही ओळी निकामी होतात.

रुंदीचा हिशेबही आधीच करावा. या मापात कान्यासकट एक अक्षर सरासरी ११ पिक्सेल घेते, म्हणून ८८ पिक्सेलमध्ये कडेचे अंतर सोडून सात अक्षरे मावतात आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ किंवा ‘ष्ठ’ असेल तर त्याहून कमी. संकेतस्थळाचे नाव लांब असेल तर सगळे नाव बटणावर घालण्याचा हट्ट न धरता त्यातील एक ठळक शब्द निवडावा. ‘द्य’, ‘द्ध’, ‘ट्ट’ यांसारखी उभी रचलेली जोडाक्षरे दहा पिक्सेलच्या अंगात कष्टाने बसतात. नाव अजून ठरायचे असेल तर हे लक्षात ठेवून ठरवावे.

यावर कोणी म्हणेल की इतके मोजत बसण्यापेक्षा चांगला फॉन्ट घ्यावा आणि तो लहान करावा. मुक्त परवान्याचे ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ असे सुंदर देवनागरी फॉन्ट ‘एक टाइप’ या संस्थेने दिलेले आहेत आणि मोठ्या मापात मी ते आनंदाने वापरते. परंतु फॉन्टची बाह्यरेषा गणिती वक्रांनी बनलेली असते. ती इतकी लहान केली की शिरोरेषा पिक्सेलच्या दोन ओळींच्या मध्ये कोठेतरी पडते आणि संगणक ती दोन्ही ओळींत अर्धी अर्धी वाटून करड्या रंगाची पुसट पट्टी काढतो. ज्या रेषेवर सगळे अक्षर टांगलेले, तीच पुसट झाल्यावर शब्द धूसर दिसणार हे उघड आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतील भेद तर शिरोरेषेतल्या लहानशा खंडावर आणि डावीकडच्या गाठीवर अवलंबून असतो. लहान मापात तो खंड एका पिक्सेलचा उरतो. हाताने काढणारा तो पिक्सेल जाणून मोकळा ठेवतो. फॉन्ट आपोआप लहान होताना तो भरून जातो आणि ‘धन’ की ‘घन’ हे वाचणाऱ्याला अंदाजाने ठरवावे लागते.

इंदूरमध्ये राहणाऱ्या आपणा मराठी लोकांसाठी यात आणखी एक बाब आहे. आपल्याभोवती सगळीकडे हिंदी पाट्या आहेत आणि बहुतेक फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची जी मूळ रूपे दिलेली असतात ती हिंदी वळणाची असतात. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा असेल तर पानाची भाषा मराठी आहे हे पानाच्या संकेतात (कोडमध्ये) नोंदवावे लागते. मग ज्या फॉन्टांत तशी सोय आहे ते आपोआप मराठी रूप दाखवतात. बटणाच्या चित्रात मात्र ही सोय नसते, तेथे आपणच मराठी वळण काढायचे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्धा र हिंदीत नाही, म्हणून तोही तयार नमुन्यांत अनेकदा तुटलेला दिसतो. माझ्या वर्गातली मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, घरी मराठी बोलतात, पण लिहिताना ‘ल’ हिंदी वळणाचाच काढतात. बटणावर तो मराठी वळणाने काढताना मुले आजीआजोबांचे जुने हस्ताक्षर मागून आणतात आणि पाहून गिरवतात, हे मला फार मोलाचे वाटते.

अक्षरे मोडण्याचा याहून ढोबळ प्रकारही सर्रास दिसतो. आपल्या शहरातील एका संस्थेच्या संकेतस्थळावर बाहेरून करवून घेतलेली मराठी बटणे होती आणि त्यांत प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडलेली होती, जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली सुटी अक्षरे उभी होती. असे होण्याचे कारण साधे आहे. देवनागरीत ‘कि’ लिहिताना संगणकात आधी ‘क’ साठवला जातो आणि मग वेलांटी, परंतु दाखवताना वेलांटी डावीकडे न्यावी लागते; हे काम करणारी यंत्रणा ज्या चित्रप्रणालीत (संगणकावर चित्र काढण्याच्या साधनात) नसते किंवा चालू केलेली नसते, तेथे अक्षरे आली त्या क्रमाने मांडली जातात. बटणे बनवणाऱ्याला मराठी येत नसेल तर त्याच्या हे ध्यानातही येत नाही. कोणतीही चित्रप्रणाली वापरण्यापूर्वी तीत ‘निर्मिती’ हा शब्द लिहून पाहावा. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि दीर्घ वेलांटी हे तिन्ही त्यात असल्यामुळे प्रणाली देवनागरी नीट जाणते की नाही हे तत्काळ कळते. अर्थात जो अक्षर हातानेच काढतो त्याला ही परीक्षा घ्यावी लागत नाही.

प्रत्यक्ष काम करताना मी मुलांना आधी संगणकापाशी बसू देत नाही. आलेख कागदावर २ मिलिमीटरचा एक चौकोन म्हणजे एक पिक्सेल धरला तर ८८ बाय ३१ चे बटण १७.६ सेंटिमीटर रुंद आणि ६.२ सेंटिमीटर उंच होते आणि नेहमीच्या ए-४ कागदावर आरामात मावते. त्यावर प्रथम शिरोरेषेची दोन चौकोनांची पट्टी आखून घ्यावी, मग उभे दंड दोन चौकोन जाडीचे आणि बाकीचे वळसे एक चौकोन जाडीचे काढावेत. तिरकी रेषा पायऱ्यापायऱ्यांची होते, तिच्या पायऱ्या समान ठेवाव्यात. कागद हातभर दूर धरून शब्द वाचता आला नाही तर तो पडद्यावरही वाचता येणार नाही. हे जमल्यावर तेच चौकोन पिस्केल, लिब्रेस्प्राइट किंवा गिम्प यांपैकी कशातही भरावेत. ही तिन्ही साधने विनामूल्य आहेत आणि पिस्केल तर ब्राउझरमध्येच चालते, त्यामुळे जुना संगणकही पुरतो.

सजावटीसाठी कोठे पाहावे, हा प्रश्न इंदूरकराला पडू नये. आपल्यापासून जेमतेम नव्वद किलोमीटरवर महेश्वर आहे. अहिल्याबाईंनी आश्रय दिलेल्या तेथील विणकरांचे काठ मी बटणांसाठी सर्वांत योग्य मानते आणि त्यामागे केवळ अभिमान नाही. विणलेले कापड हे मुळातच उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या चौकोनांचे असते, म्हणून मागावर जी नक्षी उतरते ती पिक्सेलमध्ये जवळजवळ जशीच्या तशी उतरते. हाताने रंगवलेल्या वेलबुट्टीचे तसे होत नाही. ती लहान केली की डाग दिसतात. महेश्वरी काठातील वीट, चटई, हिरा आणि लाट हे नमुने तर चार ते आठ चौकोनांत पूर्ण होतात. पदरावरचे पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे, हे बटणाच्या उजव्या कडेला दोन दोन पिक्सेलने काढले तर १० पिक्सेलमध्ये पदर तयार होतो. मात्र तेवढ्याने अक्षरांची रुंदी कमी होते आणि सातऐवजी सहाच अक्षरे मावतात. रंगही तिथलेच घ्यावेत. डाळिंबी, अंगुरी, गुलबक्षी, जांभळा, तपकिरी यांपैकी दोन, शिवाय एक फिकट पार्श्वभूमी आणि एक गडद अक्षररंग एवढे पुष्कळ होतात.

नक्षीच्या गणिताबद्दल एक सूचना अवश्य करावीशी वाटते, कारण बहुतेक बटणे येथेच बिघडतात. ८८ ला ८ ने आणि ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून ८ पिक्सेलचा हिरा ११ वेळा आणि ४ पिक्सेलची वीट २२ वेळा अखंड बसते. परंतु दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेलची चौकट काढली की आतली रुंदी ८६ होते. तिला यांपैकी कशानेही भाग जात नाही आणि शेवटचा हिरा कापला जातो. म्हणून काठ चौकटीच्या आत ठेवू नये. तो कडेपासून कडेपर्यंत न्यावा आणि दोन्ही बाजूंची चौकट त्याच्या वरच संपवावी. उंचीचा ३१ हा आकडा तर कशानेच विभागला जात नाही, पण तो विषम असल्यामुळे नेमकी मधली ओळ मिळते. जिथे अक्षरे नाहीत, केवळ नक्षी आहे, अशा बटणावर मधल्या ओळीच्या वर पंधरा आणि खाली पंधरा ओळी आरशासारख्या भरता येतात. कापलेला हिरा विणकर काठात राहू देत नाही. तेवढी शिस्त आपणही पाळावी.

नक्षी उचलताना परंपरा आणि व्यक्ती यांत फरक करावा. वीट, चटई, हिरा हे सर्वांचे आहेत. एखाद्या विणकराने स्वतः नवी रचना केली असेल तर ती त्याची आहे, तिची नक्कल करू नये किंवा विचारून करावी आणि पानावर त्याचे नाव द्यावे. कंपन्यांची बोधचिन्हे बटणावर घेऊ नयेत. देवादिकांची चित्रेही मी मुलांना टाळायला सांगते, कारण ३१ पिक्सेलमध्ये चेहरा विद्रूप होतो आणि त्यावर टिचकी मारणे अनेकांना रुचत नाही.

येथे मला एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आतापर्यंत मी जे लिहिले ते आपल्या संकेतस्थळाची ओळख सांगणाऱ्या, इतरांच्या पानावर जाणाऱ्या बटणाविषयी आहे. आपल्याच पानांमध्ये फिरवणारी ‘लेख’, ‘चित्रे’, ‘संपर्क’ ही बटणे मात्र चित्राची नसावीत, असे माझे ठाम मत आहे. तेथे अक्षर हे खरे अक्षरच असू द्यावे, म्हणजे ते शोधता येते, मोठे करता येते, वाचून दाखवणाऱ्या यंत्राला उच्चारता येते आणि दुरुस्त करायचे झाल्यास चित्र नव्याने काढावे लागत नाही. सजावट त्याच्याभोवती द्यावी. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, चौकटीला चित्र लावण्याची सोय आहे : एकच लहान चित्र नऊ भागांत कापले जाते, चार कोपरे जागच्या जागी राहतात आणि कडांचे भाग लागतील तितक्या वेळा पुन्हा पुन्हा लावले जातात. शब्द लहान असो वा मोठा, चौकट त्याप्रमाणे वाढते. तीत ‘राउंड’ हा पर्याय निवडला तर कडेचा नमुना किंचित लहानमोठा करून पूर्ण संख्येनेच बसवला जातो, म्हणजे येथेही हिरा कापला जात नाही. फॉन्ट या ठिकाणी खुशाल वापरावा, कारण अक्षर १८ किंवा २० पिक्सेलचे ठेवायला कोणी अडवत नाही. फक्त ओळीची उंची थोडी सढळ ठेवावी, नाहीतर वरच्या वेलांट्या चौकटीला टेकतात.

बटणाची संचिका (फाइल) कोणत्या प्रकारात साठवावी याचे उत्तर थोडक्यात देता येते. स्थिर बटण पीएनजीमध्ये, हलणारे बटण जीआयएफमध्ये. जेपीईजी कधीही नको. तो प्रकार छायाचित्रांसाठी आहे आणि सपाट रंगांच्या कडांभोवती मळकट ठिपके उमटवतो. ८८ बाय ३१ म्हणजे एकूण २७२८ पिक्सेल. सोळा रंगांत साठवले तर कोणतेही संक्षेपण न करताही ते १३६४ बाइट होतात, म्हणजे अशी पन्नास बटणे एका छायाचित्राहून हलकी असतात आणि मोबाइलवरच्या मंद जोडणीतही पान अडत नाही. संकेतात रुंदी आणि उंची लिहून ठेवावी, नाहीतर चित्रे येत असताना पान वरखाली उड्या मारते. आजच्या मोबाइलच्या दाट पडद्यांवर ब्राउझर लहान चित्र मोठे करताना त्याच्या कडा गुळगुळीत करतो आणि आपण जपलेली शिरोरेषा पुन्हा पुसट होते. त्यासाठी सीएसएसमध्ये चित्र ‘पिक्सेलेटेड’ पद्धतीने दाखवावे अशी सूचना द्यावी.

दृष्टिहीन आणि मंददृष्टी वाचकांचा विचार या लहान चित्रांच्या बाबतीत सहसा होत नाही, म्हणून मी त्यावर विशेष भर देते. चित्रातील अक्षरे वाचकयंत्राला दिसत नाहीत. प्रत्येक बटणाला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवला जाणारा मजकूर, मराठीत लिहावा आणि त्यात ‘बटण’ किंवा ‘चित्र’ एवढेच न लिहिता ते कोठे नेते हे लिहावे. एनव्हीडीए हे विनामूल्य वाचकयंत्र मराठी वाचून दाखवते, म्हणून हा मजकूर वाया जात नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक किमान साडेचारास एक असावा असे जागतिक निकष सांगतात. पांढऱ्यावर हळदी पिवळा दिसायला कितीही प्रसन्न असला तरी या कसोटीवर उतरत नाही, फिकट सायीच्या रंगावर गडद डाळिंबी सहज उतरतो. लुकलुकणारी बटणे मुलांना फार आवडतात, परंतु एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा होणारी उघडझाप काही व्यक्तींना अपस्माराचा झटका आणू शकते, म्हणून ती माझ्या वर्गात वर्ज्य आहे. हालचाल हवीच असेल तर नर्मदेच्या लाटेचा काठ संथपणे एकदा सरकावा आणि थांबावा.

दुसऱ्याचे बटण लावताना त्याची प्रत आपल्या जागेत ठेवून लावावी. त्याच्या जागेवरून थेट चित्र ओढले तर आपल्या प्रत्येक वाचकाचा भार त्याच्या खर्चावर पडतो आणि त्याने ते चित्र हलवले की आपल्या पानावर रिकामा चौकोन उरतो. आपले बटण इतरांनी लावावे असे वाटत असेल तर ते उतरवून घेण्यासाठी पानावर स्पष्ट ठेवावे आणि सोबत पर्यायी मजकूरही लिहून द्यावा.

ज्या शहरात दत्तात्रय देवळालीकरांनी चित्रकला शिकवली आणि ना. श्री. बेंद्रे व मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे विद्यार्थी घडवले, जेथे विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळक्या पानांतून, काटक्यांतून आणि टाकाऊ वस्तूंतून आकार उभे केले, त्या शहरातील मुलांनी दुसऱ्याचे बटण उतरवून घ्यावे याचे मला मनापासून दुःख होते. चिंचाळकर गुरुजींच्या कामातून मी एवढे शिकले की साधन तोकडे असले म्हणून चित्र तोकडे होत नाही. २७२८ चौकोन आणि चार रंग ही सामग्री काही कमी नाही. आपल्याकडे महाराष्ट्र मंडळे आहेत, मराठी वाचनालये आहेत, कीर्तनापासून नाट्यस्पर्धांपर्यंत वर्षभर कार्यक्रम होतात, तरी त्यांची स्वतःची मराठी संकेतस्थळे थोडी आणि जी आहेत ती एकमेकांना जोडलेली नाहीत. प्रत्येक मंडळाने आपले एक बटण आपल्याच मुलांकडून काढून घेतले आणि इतरांची आपल्या पानावर लावली, तर ग्वाल्हेर, बडोदे आणि इंदूर येथील मराठी वाचक एकमेकांपर्यंत सहज पोहोचतील. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा सर्वांना ही गरज इतरांहून अधिक आहे.

आपणाकडे माझी एक विनंती आहे. बालपुरवणीत महिन्यातून एकदा ८८ बाय ३१ चौकोनांची कोरी जाळी छापावी. शिरोरेषेच्या दोन ओळी तीत फिकट रंगाने आधीच दाखवलेल्या असाव्यात, कारण मुले येथेच अडतात. वाचकांनी भरून पाठवलेल्या जाळ्यांपैकी निवडक पुढच्या महिन्यात दोन मापांत छापाव्यात, एकदा मोठ्या चौकोनांत आणि एकदा प्रत्यक्ष बटणाएवढ्या लहान आकारात, म्हणजे लहान झाल्यावर कोणते अक्षर टिकले आणि कोणते बुजले हे मुलांना आपल्या डोळ्यांनी पाहता येईल. वृत्तपत्राच्या स्तंभाची रुंदी १७.६ सेंटिमीटरला पुरत नसेल तर जाळी आडवी न छापता पानावर उभी छापावी. पहिल्या काही जाळ्यांसाठी अक्षरांचे नमुने काढून देण्याची माझी तयारी आहे आणि त्यासाठी मला कोणतेही मानधन नको.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
इंदूर